अडखळत्या चालीचीं इंग्रजी नांवें

परभाषेंत लिहितांना चुकलेला शब्द बहुधा कागदावरच राहतो; वाचणारा हंसतो, फार तर लिहिणाऱ्याची कींव करतो, आणि पान उलटतो. परंतु गेल्या वर्षीं आमच्या हातून चुकलेला एक शब्द सातासमुद्रांपलीकडे गेला आणि त्यानें एका रात्रींत दोन घरांची झोंप उडविली. ती हकीकत प्रथम सांगणें भाग आहे, कारण पुढील सारें विवेचन तिच्यांतूनच निघालें आहे.

आमच्या थोरल्या काकूंस गेल्या वर्षीं अठ्ठ्याहत्तरावें वर्ष लागलें. घरांत माणसें पुष्कळ. पण पहांटे सर्वांच्या आधीं उठून देवघराची झाडलोट करावयाची हा काकूंचा नेम कधीं चुकला नाहीं. तीच बाई चालतांना अडखळूं लागली. कोणी म्हणालें गुडघे, कोणी म्हणालें वय. आमचा एक पुतण्या इंग्लंडांत वैद्यकी करतो. त्याचें सर्व शिक्षण इंग्रजींत झाल्यामुळें मराठी पत्र त्यास अक्षर लावीत वाचावें लागतें. म्हणून आम्हीं त्यास इंग्रजींत पत्र लिहिलें आणि काकूंच्या चालीसाठीं ‘स्टॅगर’ हें क्रियापद योजिलें. शब्द भारदस्त वाटला. कादंबऱ्यांतून शेंकडों वेळां डोळ्यांखालून गेलेला होता. कोश उघडण्याची गरज आम्हांस भासली नाहीं.

पत्र मिळतांच त्याच रात्रीं त्यानें दूरध्वनि केला. ‘काका, आजी पाय फांकून टाकते का? झोक कोणत्या बाजूस जातो? बोलतांना जीभ जड होते का? हें एकाएकीं झालें कीं हळूहळू?’ आम्ही पुरते गोंधळलों. ‘स्टॅगर’ म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांपुढें दारू प्यालेल्या माणसाची चाल उभी राहिली होती. आणि न पितां कोणी तसें चालूं लागला, तर शरीराचा तोल राखणाऱ्या लहान मेंदूस इजा झाली असावी अशी शंका वैद्यास प्रथम येते. तें एकाएकीं घडलें असेल तर घटकाभराचा विलंबही धोक्याचा. काकूंस त्याच पावलीं रुग्णालयांत न्यावें, असा त्याचा आग्रह.

आमची सून शेजारींच उभी होती. तिनें दूरध्वनि आमच्या हातून घेतला आणि म्हणाली, ‘भाऊजी, आजी झोकांडी खात नाहींत हो. खुर्चीवरून उठल्या कीं जागच्या जागींच पाय चाळवतात. पहिलें पाऊल सुटत नाहीं. एकदां सुटलें कीं मग बारीक बारीक पावलें, पाय घाशीत, भराभर. पावलें त्यांच्या पुढें पळतात असें वाटतें. आणि देवघराचा उंबरा आला कीं पुन्हां खिळल्यासारख्या उभ्या राहतात. चार-सहा महिने असेंच चाललें आहे.’

पलीकडे क्षणभर कांहींच ऐकूं आलें नाहीं. मग तो म्हणाला, ‘वहिनी, तें पत्र तुम्हीं लिहावयाचें होतें.’

पुढें काय झालें तें शेवटीं सांगूं. त्या रात्रीनंतर आम्ही खजील होऊन कोश घेऊन बसलों, आणि तुटक, अडखळत्या, हिसक्यांच्या हालचालींसाठीं इंग्रजींत केवढी शब्दसंपत्ति आहे हें पाहून थक्क झालों. आपल्याकडील शाळांतून यांपैकीं पुष्कळ शब्दांपुढें ‘धक्का’ किंवा ‘अडखळणें’ एवढेंच लिहून मुलें मोकळीं होतात. आम्हीही तसेच मोकळे झालों होतों.

‘जर्क’, ‘जोल्ट’ आणि ‘लर्च’ हे तीन शब्द घ्या. एस्. टी. च्या गाडींत मागच्या बाकावर बसून घाट चढलेल्या मनुष्यास यांतील भेद समजण्यास कोशाची गरज नाहीं. गाडी सुरू होतांना मान मागें जाते तो जर्क. चाक खड्ड्यांत आदळून बूड बाकावरून उडतें तो जोल्ट. आणि वळणावर सारी गाडी एका अंगास कलून शेजाऱ्याच्या मांडीवर जाण्याची पाळी येते तो लर्च. मराठींत हिसका, गचका आणि हेलकावा. जर्कमध्यें ओढ असते, जोल्टमध्यें आघात असतो आणि लर्चमध्यें तोल जातो. हिसका देणारा हात असतो, गचका देणारा रस्ता असतो, आणि हेलकाव्यांत कोणी कांहीं न देतां सारा डोलारा आपणच कलतो.

जर्क हा शब्द सोळाव्या शतकांत इंग्रजींत दिसूं लागला, त्या वेळीं त्याचा अर्थ चाबकाचा फटका असा होता. (मांस वाळवून त्याच्या पट्ट्या करतात त्या ‘जर्की’शीं याचा संबंध नाहीं, तो शब्द दक्षिण अमेरिकेंतील केचुआ भाषेंतून स्पॅनिशमार्गें आलेला.) लर्च हा अठराव्या शतकाच्या अखेरीस खलाशांच्या बोलींतून किनाऱ्यावर उतरला. एखाद्यास संकटांत टाकून निघून जाण्यास इंग्रज लोक लर्चमध्यें सोडणें म्हणतात, तेव्हां मात्र त्यांच्या मनांत जहाज नसतें. तो लर्च निराळा, एका जुन्या फ्रेंच सोंगट्यांच्या खेळांतला, ज्यांत हरणारा गडी फार मागें पडत असे. सारख्या दिसणाऱ्या शब्दांचें कूळ सारखें असतेंच असें नाहीं.

पदार्थविज्ञानानें जर्कला काटेकोर अर्थ दिला आहे तो सांगण्यासारखा आहे. स्थान बदलण्याचा दर म्हणजे वेग. वेग बदलण्याचा दर म्हणजे त्वरण. आणि त्वरण बदलण्याचा दर म्हणजे जर्क. सरळ रुळांवरून ताशीं शंभर किलोमीटरांच्या एकसारख्या वेगानें धांवणाऱ्या आगगाडींत पेल्यांतला चहा सांडत नाहीं, कारण नुसता वेग शरीरास कळत नाहीं. त्वरण कळतें, पण तें सावकाश वाढलें तर शरीर त्याच्याशीं जुळवून घेतें. तें एकदम बदललें कीं स्नायूंना सांवरण्यास अवधि मिळत नाहीं, आणि चहा शेजाऱ्याच्या धोतरावर जातो. म्हणून सरळ रूळ संपले कीं लगेच पुरतें वर्तुळाकार वळण सुरू करीत नाहींत. मध्यें वक्रता हळूहळू वाढत जाणारा एक तुकडा घालतात. चांगली लिफ्ट केव्हां निघाली आणि केव्हां थांबली हें कळत नाहीं, त्याचेंही कारण हेंच.

डोळ्याच्या हालचालीसही असाच एक शब्द मिळाला आहे, ‘सॅकेड’. हा फ्रेंच, घोडेस्वार लगामास देतो त्या हिसड्यावरून आलेला. वाचतांना डोळा ओळीवरून पाण्यासारखा वाहत जातो अशी आपली समजूत असते. परंतु १८७९ च्या सुमारास पॅरिस येथील संशोधकांच्या ध्यानांत आलें कीं तो सेकंदास तीन-चार उड्या मारीत जातो, आणि उड्यांच्या मधल्या मुक्कामांतच काय तें वाचन होतें. उडी चालू असतां दिसणें जवळजवळ बंद होत असल्यामुळें हे हिसके आपणांस जाणवत नाहींत. वाचकहो, हा परिच्छेदही आपण हिसक्याहिसक्यांनींच वाचला आहे.

हे शब्द जोडीनें उच्चारून पाहिले म्हणजे आणखी एक गंमत लक्षांत येते. जर्क, जोल्ट, जॉग, जॉसल, जाउन्स, आणि मोटारीचा ब्रेक बिघडला असतां होणारी थरथर तो जडर: सारे ‘ज’ वर स्वार. जे. आर. फर्थ नांवाचे एक इंग्रज भाषाशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धानंतर कांहीं वर्षें लाहोरास पंजाब विद्यापीठांत इंग्रजीचे प्राध्यापक होते. स्वदेशीं परतल्यावर १९३० सालीं त्यांनीं ‘स्पीच’ हें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांत आरंभींच्या एकाच ध्वनीभोंवतीं एकाच भावाचे शब्द कसे गोळा होतात याची त्यांनीं चर्चा केली. ‘स्ल’नें सुरू होणाऱ्या ढिल्या व निसरड्या शब्दांचें त्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. हा कांहीं नियम नव्हे. ‘जज्ज’ आणि ‘जेली’ हेही ‘ज’नेंच सुरू होतात, आणि न्यायाधीश गचके देत नाहींत. परंतु आपल्या घरांत डोकावलें तर झोक, झोका, झोकांडी, झटका, झेप, झुलणें, झुकणें, झिंगणें यांची रांग दिसते, आणि फर्थसाहेबांचें म्हणणें अगदींच वाऱ्यावरचें नव्हे अशी खात्री पटते.

शब्दाच्या शेंपटाकडेही पाहावें. वॉबल, हॉबल, टॉडल, वॉडल, शफल, जॉगल. हें शेवटचें ‘ल’ जुन्या इंग्रजींत क्रिया पुनःपुन्हां व बारीक प्रमाणांत होत असल्याचें दाखवी. ‘वेड’ म्हणजे पाण्यांतून पाय टाकीत जाणें. त्यासच हें शेंपूट लागून बदकाचें ‘वॉडल’ झालें असें कोशकार सांगतात. आपण हेंच काम शब्द दोनदां म्हणून करतों: मेज डुगडुगतें, पाय लटपटतात, होडी डळमळते, मूल दुडुदुडु धांवतें. इंग्रजांनीं पुनरावृत्ति एका अक्षरांत कोंबली, आपण ती उघडी करून दाखविली. कानास कोणती गोड लागते हें आम्ही सांगणार नाहीं. आमचा पक्षपात वाचकांनीं ओळखलाच असेल.

आतां आमच्या चुकीच्या मुळाशीं येतों. ‘म्हातारा खुरडत रस्त्यापलीकडे गेला’ या वाक्यांत क्रियापद ‘गेला’ हें आहे. ‘खुरडत’ हा शब्द गाळला तरी वाक्य उभें राहतें. इंग्रजी वाक्यांत ‘हॉबल’ हेंच क्रियापद, आणि पलीकडे जाण्याचें काम एका लहानशा अव्ययावर सोंपविलेलें. म्हणजे इंग्रजी लेखकास कोणी कोठें गेला हें सांगतांना तो कसा गेला हें ओघानेंच सांगितलें जातें. लेनर्ड टॅल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जगांतील भाषांची या दृष्टीनें विभागणी केली. एका गटांत चालण्याची तऱ्हा क्रियापदाच्या पोटांत असते, दुसऱ्या गटांत दिशा असते आणि तऱ्हा बाहेरून जोडावी लागते. फ्रेंच व स्पॅनिश या दुसऱ्या गटांतल्या, आणि या बाबतींत आपली मराठीही त्यांच्याच पंगतीस बसते. त्यामुळें इंग्रजींत लिहूं लागलेला मराठी मनुष्य एकदम शंभर क्रियापदांच्या दुकानांत शिरतो. घरीं त्यास तऱ्हा सांगण्याची सक्ति नव्हती. येथें ती आहे. आणि घाईंत जें हातास लागेल तें तो उचलतो.

पण याचा अर्थ मराठी दरिद्री आहे असा नव्हे. आम्ही झोकांडी खातों, हेलकावा खातों, गचका खातों, ठेंच खातों, गटांगळी खातों. तोल जाण्याचे इतके प्रकार गिळून पचविणारी दुसरी भाषा आम्हांस तरी ठाऊक नाहीं! १८३१ सालीं मोल्सवर्थनें मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला व १८५७ सालीं त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति निघाली. त्याच्या हाताखालीं ब्राह्मण शास्त्र्यांचें मंडळ होतें, आणि असल्या नादानुकारी शब्दांस त्यानें ग्राम्य म्हणून बाहेर ठेविलें नाहीं. एका मराठी शब्दापुढें तो चार-चार, पांच-पांच इंग्रजी शब्दांची ओळ लावतो. विद्यार्थी त्यांतील पहिला उचलून पुस्तक मिटतो. वास्तविक त्या ओळीचा अर्थ असा कीं यांतील एकही शब्द पुरा पडत नाहीं, सर्व मिळून अर्थाभोंवतीं कुंपण घालतात. मोल्सवर्थनें आरंभिलेला व कँडीनें तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तोही याच दृष्टीनें वाचावा लागतो.

दोन्ही भाषा एका ठिकाणीं मात्र अगदीं एकमेकींच्या जवळ येतात. आपला पाय अडखळतो आणि जीभही अडखळते. इंग्रजींत ठेंचकाळण्याचा ‘स्टंबल’ आणि तोतरेपणाचा ‘स्टॅमर’ हे एकाच जुन्या जर्मानिक धातूचे वंशज. त्यांची सबब लंगडी असते, आपलीही लंगडीच.

चालीचे शब्द तेवढे नीट लावून घेतले पाहिजेत. ‘लिंप’ म्हणजे एका पायानें लंगडणें. दुखऱ्या पायावर भार शक्य तितका थोडा वेळ टाकायचा, म्हणून एक पाऊल लांब व एक तोकडें. ‘हॉबल’ म्हणजे दोन्ही पाय कष्टी, आंखडलेले. आपण खुरडणें म्हणतों. ‘टॉटर’ हें म्हाताऱ्याचें, नव्यानें उभ्या राहिलेल्या बाळाचें आणि पडाऊ भिंतीचें, लटपटणें. ‘रील’ म्हणजे डोळ्यांपुढें गरगरून कलणें. दोऱ्याचें आपलें ‘रीळ’ तें हेंच. ‘शँबल’ म्हणजे वांकड्या पायांनीं ढिसाळ चालणें. ‘शफल’ म्हणजे पाय न उचलतां घाशीत, फरफटत जाणें. पत्ते पिसण्यासही तोच शब्द, आणि पत्त्यांची ती सळसळ जुन्या वहाणांच्या आवाजाशीं जुळते खरी. ‘स्टॅगर’ हा उत्तरेकडील नॉर्स भाषेंतून आलेला. त्यांत ढकलल्याचा भाव आहे. ज्यास मद्यानें, आघातानें किंवा पाठीवरच्या ओझ्यानें ढकललें आहे, तो स्टॅगर करतो. काकूंस कोणींच ढकललें नव्हतें.

वैद्यास हा फरक किती मोलाचा वाटतो याचें उदाहरण दोनशें वर्षांपूर्वींचें आहे. १८१७ सालीं लंडन येथील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं कंपवातावर एक निबंध छापला. त्यांत सहा रोग्यांचें वर्णन आहे, आणि आश्चर्य असें कीं त्यांतील कांहीं त्यांस केवळ रस्त्यांत दिसलेले होते. एक तर दुरूनच पाहिलेला. नाडी नाहीं, तपासणी नाहीं, नुसती चाल. धड पुढें झुकलेलें, आणि चालतां चालतां नकळत धांवूं लागण्याची प्रवृत्ति, हें त्यांनीं टिपलें. पुढें पॅरिसच्या शार्कोनें त्या रोगास पार्किन्सनचेंच नांव दिलें. या पळत्या चालीस आज वैद्य ‘फेस्टिनेशन’ म्हणतात. लॅटिन भाषेंत त्याचा अर्थ घाई करणें. रोग्यास घाई नसते. त्याच्या पायांस असते.

आमच्या सुनेनें दूरध्वनीवर सांगितलें तें हेंच. तिला ‘फेस्टिनेशन’ ठाऊक नव्हतें, ‘शफल’ही आठवला नसता, पण ‘पावलें त्यांच्या पुढें पळतात’ या चार शब्दांत पार्किन्सनचा निबंध आला. आम्ही काकूंस रोज पाहत होतों, परंतु इंग्रजींत पाहत होतों. ती मराठींत पाहत होती, आणि दिवसांतून दहा वेळां त्यांचा हात धरून त्यांच्या पावलाबरोबर आपलें पाऊल टाकीत होती.

आठ दिवसांत येथील मेंदूच्या तज्ज्ञांस दाखविलें. काकूंचे हात मुळींच कांपत नव्हते, म्हणून कंपवाताची शंका घरांत कोणास आली नव्हती. पण प्रत्येक रोग्यास कंप असतोच असें नाहीं, असें तज्ज्ञांनीं सांगितलें. त्यांनीं काकूंस दालनांतून दोनदां चालविलें, दाराशीं वळविलें, मनगटें हलवून पाहिलीं आणि लेव्होडोपा सुरू केलें. रोग बरा होत नाहीं, चाल सुधारते. दिवाळीपर्यंत काकू न धरतां अंगणांत येऊं लागल्या.

उंबऱ्याशीं खिळणें मात्र पुरतें गेलें नाहीं. जमिनीवर आडव्या रेघा असल्या कीं अशा रोग्यांचें पाऊल सुटतें. रेघ ओलांडावयाची म्हटली कीं पाय उचलला जातो. पुतण्यानें चिकटपट्टी लावण्यास सुचविलें होतें. सुनेनें देवघराच्या उंबऱ्याअलीकडे वीतभर अंतरानें रांगोळीच्या पांच रेघा ओढल्या. पहिल्या दिवशीं काकू तेथें येऊन थांबल्या, खालीं पाहिलें, आणि एक एक रेघ ओलांडीत सरळ आंत गेल्या. आंतून त्यांचा आवाज आला, ‘अगं, तिसरी रेघ वांकडी आली आहे. पुसून पुन्हां काढ.’